घरबसल्या दहावी-बारावी : आरंभ कसा करावा?

आजारपण, स्थलांतर, घरची जबाबदारी किंवा नोकरी यांमुळे ज्यांची शाळा मध्येच सुटते, त्यांना दहावी-बारावीचा अभ्यास घरून पूर्ण करण्याचा मार्ग ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे सुकर झाला आहे. मात्र पहिले पाऊल टाकण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शिकवणारे संकेतस्थळ निराळे आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारे मंडळ निराळे. हा भेद न कळल्यास श्रम, पैसा आणि वर्ष तिन्ही वाया जाण्याचा धोका असतो.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर नववी ते बारावीचे अनेक विषय विनामूल्य शिकता येतात. चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकानिरसनासाठी चर्चा अशी त्यांची रचना असते. परंतु केवळ या चित्रफिती पाहून कोणी दहावी उत्तीर्ण ठरत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त मंडळाकडे नावनोंदणी करावी लागते.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच ‘एनआयओएस’, हे असे मंडळ आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने २०२१ मध्ये आभासी मुक्त विद्यालयही सुरू केले. माध्यमिक प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे, तर उच्च माध्यमिकसाठी १५ वर्षे आहे. उच्च माध्यमिकला दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. प्रवेश अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्यासाठी जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, छायाचित्र आणि पूर्वीच्या शिक्षणाची कागदपत्रे आधीच जमवून ठेवावीत.

यानंतरची महत्त्वाची पायरी विषयनिवडीची. प्रमाणपत्रासाठी किमान एका भाषेसह पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात. विषय सोपा वाटतो म्हणून निवडू नये. पुढे अभियांत्रिकी, वैद्यकीय वा वाणिज्य शाखेत जायचे असल्यास तेथील प्रवेशाच्या अटी आधी पाहाव्यात. पूर्वी मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत काही विषय उत्तीर्ण झाले असल्यास, नियमांनुसार जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण पुढे नेता येतात. नोंदणी पाच वर्षे वैध राहते आणि त्या काळात सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. त्यामुळे नोकरी करणाऱ्यास एकेका विषयाने पुढे जाणे शक्य होते.

ही सवलतच पुष्कळदा घातक ठरते. शाळेची घंटा नसल्याने अभ्यास उद्यावर ढकलला जातो. म्हणून दररोजची ठराविक वेळ राखून ठेवावी, प्रत्येक धड्याची टिपणे हाताने काढावीत आणि स्वाध्याय मुदतीत सादर करावेत. मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन लेखी स्वरूपात द्यावी लागते. विज्ञानाची प्रात्यक्षिकेही प्रत्यक्ष करावी लागतात. तेव्हा नेमलेले अभ्यास केंद्र घरापासून किती दूर आहे, याची चौकशी प्रारंभीच केलेली बरी.

‘परीक्षेविना दहावी’, ‘महिन्यात बारावी’ अशी आश्वासने देणाऱ्यांपासून दूर राहणेच श्रेयस्कर. कोणतेही शुल्क भरण्यापूर्वी ज्या महाविद्यालयात वा नोकरीत पुढे जायचे आहे, तेथे त्या मंडळाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते का, हे विचारून घ्यावे. एवढी खबरदारी घेतली, तर सुटलेली शाळा पुन्हा गाठता येते.