रशियाच्या हद्दपारीतून कोल्हापूरला आलेले मुहाजिर

दुसरं महायुद्ध शिकवताना आमच्या जालन्याच्या वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, याचा आपल्या महाराष्ट्राशी काय संबंध?" आम्ही शिक्षक बहुतेक वेळा सैनिकांचा आणि महागाईचा उल्लेख करून पुढे सरकतो. पण एक उत्तर कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात आहे. रशियाने घरातून उचलून नेलेली सुमारे 5,000 पोलिश माणसं, त्यांत मुख्यतः बायका आणि मुलं, तिथे काही वर्षं राहिली. ती तिथपर्यंत कशी पोहोचली आणि त्यांना कुणी मदत केली, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

आधी थोडी मागची गोष्ट. 1917 च्या क्रांतीनंतर रशियात यादवी युद्ध पेटलं आणि 1921 मध्ये व्होल्गा नदीच्या पट्ट्यात भयंकर दुष्काळ पडला. या पट्ट्यात रशियन शेतकऱ्यांबरोबर आपले तातार आणि बश्कीर मुसलमान भाऊही होते. नव्या सरकारचं आणि अमेरिकेचं अजिबात पटत नव्हतं. तरीही करार झाला आणि अमेरिकन मदत संस्थेने स्वयंपाकघरं उघडली. 1922 च्या उन्हाळ्यात ही संस्था रोज 1 कोटीच्या आसपास लोकांना जेवण देत होती. नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन यांनीही युरोपातून मदत उभी केली. देश सोडून गेलेल्या आणि नागरिकत्व गमावलेल्या रशियनांसाठी त्यांनी ओळखीचा एक कागद चालू केला. तोच 'नान्सेन पासपोर्ट'. निर्वासिताला रोटीइतकीच कागदाची गरज असते, हे जगाने तेव्हा मान्य केलं.

आता पोलंड. 17 सप्टेंबर 1939 ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. फेब्रुवारी 1940 पासून तिथली लाखो माणसं मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकिस्तानकडे पाठवली गेली. जंगलतोड, थंडी, उपासमार. कित्येक मुलं यतीम झाली. जून 1941 मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा चित्र पालटलं. 30 जुलै 1941 ला लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या कैद्यांची सुटका झाली. सुटका तर झाली, पण जायचं कुठे? माणसं दक्षिणेकडे, उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तानच्या उबेकडे निघाली. वाटेत टायफसने फार जीव गेले.

इथे मुंबईचं नाव येतं. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत बनासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचं काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी ट्रकचा ताफा उभा केला. हे ट्रक क्वेट्टा, झाहेदान, मशहद करत अश्गाबादला गेले. जाताना औषधं आणि कपडे नेले, येताना मुलं आणली. 1942 मध्ये या मुलांची पहिली तुकडी मुंबईत पोहोचली. पुढे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी इथे मुलांसाठी छावणी उघडली.

मोठा लोंढा मात्र दुसऱ्या वाटेने आला. 1942 मध्ये 1 लाखाहून जास्त सैनिक आणि नागरिक जहाजांनी कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्यावर उतरले. इराणात तेव्हा परकी फौजा होत्या, लोकांना स्वतःलाच धान्याची टंचाई होती. तरीही इराणने त्यांना जागा दिली. इस्फहानमध्ये तर इतकी पोलिश मुलं राहिली, की त्या शहराला पोलिश मुलांचं शहर म्हटलं गेलं. तिथून बरीच कुटुंबं कराचीला आणि कराचीहून वळिवड्याला आली. 1943 च्या मध्यापासून ही वस्ती भरू लागली.

वळिवड्यात लांबलांब बराकी होत्या. दवाखाना, चर्च, दुकानं, स्काउट पथकं, नाटकं होती. आणि आम्हा शिक्षकांना सगळ्यात भावणारी गोष्ट म्हणजे शाळा. प्राथमिकपासून वरच्या वर्गांपर्यंत, सगळं पोलिश भाषेत. ज्या मुलांची दोन-तीन वर्षं छळछावण्यांत गेली, त्यांना परत बाकावर बसवणं हीसुद्धा मदतच. आजारी मुलांना आणि माणसांना पाचगणीच्या हवेत ठेवलं जाई.

खर्च कोण करत होतं? लंडनचं पोलिश सरकार. पण जुलै 1945 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध जिंकलं गेलं, तरी या लोकांचं गाव परत मिळालं नाही. पूर्व पोलंड रशियाकडेच राहिला. मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने भार उचलला. 1947-48 पर्यंत माणसं पांगली. कुणी ब्रिटन, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आफ्रिका, थोडे पोलंडला. काही मुलींनी इथेच लग्न करून संसार थाटला. किराबाईही भारतातच राहिल्या आणि पुढे हैदराबादला स्थायिक झाल्या.

रिकाम्या होणाऱ्या त्या बराकींत मग कोण आलं? फाळणीत सिंध सोडून आलेले सिंधी निर्वासित. आजचं कोल्हापूरचं गांधीनगर, जिथे कपड्यांची मोठी बाजारपेठ आहे, ते त्याच जागेवर उभं आहे. एका मुहाजिराने सोडलेल्या छपराखाली दुसरा मुहाजिर राहिला.

आपल्यासाठी हिजरत हा शब्द नवा नाही. मदीनेच्या अन्सारांनी मुहाजिरांना घरात घेतलं, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत 1948 च्या पोलीस ॲक्शनच्या आठवणीही आहेत. रात्रीतून सोडलेलं गाव, शहरातल्या नातेवाइकांकडे काढलेले महिने, आणि कुठेकुठे शेजारच्या हिंदू कुटुंबाने दिलेला आसरा. पोलिश लोकांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, पुस्तकं केली, कोल्हापुरात स्मारक उभारलं. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे. आपण मात्र बहुतेक ठिकाणी काहीच लिहिलं नाही.

म्हणून सुट्टीच्या दिवशी दादी-नानीजवळ वही घेऊन बसा. कुणी गाव सोडलं हे विचाराच, पण कुणी दार उघडलं, त्याचं नाव आणि गावही लिहून घ्या. ती माणसं आता थोडीच उरली आहेत.