दुचाकीला जादा दिवे: वायर कुठून घ्यायची?

मंडळी, जळगाव–धुळे रस्त्यावर रात्री गाडी चालवलेल्यांना सांगायला नको. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावं मागे पडतात आणि मध्येच मागचा दिवा नसलेली कापसाची ट्रॉली अचानक पुढ्यात उभी राहते. म्हणून लेगगार्डवर दोन जादा दिवे बसवावेसे वाटतात. ते घरच्या घरी बसवता येतात, आणि आम्ही तर म्हणू की स्वतःच बसवा. रात्री काही बिघडलं तर आपला फ्यूज कुठे आहे हे आपल्याला तरी माहीत असतं.

चूक होते ती एकाच जागी. "भो, नुसती वायर तर जोडायची!" असं म्हणून लोक हेडलाइटची वायर सोलतात आणि तिथेच नवा दिवा जोडून वर टेप गुंडाळतात. दिवा लागतो, सगळे खूश. पण ती वायर आणि तो स्विच कंपनीने एकाच दिव्याच्या हिशोबाने दिलेले असतात. शिवाय १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट बंद होत नाही. म्हणजे तिथून करंट घेतलेला दिवा दिवसाढवळ्याही जळणार. वायर तापते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की टेपचा डिंक वितळून टेप सुटते. उघडी तार चॅसीला टेकली की शॉर्ट. सामायिक फ्यूज उडाला तर हेडलाइटसुद्धा गेला, तोही हायवेवर, अंधारात.

आता हिशोब बघा. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० भागिले १२, साधारण ९ अँपिअर. शंभर सीसीच्या गाडीला हे झेपत नाही. २० वॅटचे दोन एलईडी घेतले तर ४० भागिले १२, म्हणजे सव्वातीन-साडेतीन. त्याला ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. अशा अनेक गाड्यांत बॅटरी ३-४ अँपिअर-अवरचीच असते. इंजिन बंद ठेवून दिवे चालू राहिले तर तासाभरात किक मारायची वेळ येते.

म्हणून रिले लावायचा. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पायांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीच्या प्लसवरून वायर आणायची, आणि या वायरवर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. फ्यूज दिव्याजवळ ठेवला तर मधली सगळी वायर उघड्यावरच राहते! ८७ मधून दिव्याला. ८५ अर्थिंगला. ८६ ला आपल्या स्विचमधून, आणि स्विचला करंट अशा वायरवरून घ्यायचा जी चावी फिरवल्यावरच जिवंत होते. रिलेच्या कॉइलला अगदी थोडा करंट लागतो, त्यामुळे त्या वायरवर ओझं पडत नाही.

काम सुरू करताना बॅटरीचं मायनस आधी सोडा, जोडताना शेवटी जोडा. नाहीतर प्लस सोडताना पाना चॅसीला लागला तर ठिणगी उडते, आणि टाकी तिथून लांब नसते. जोडावर टेपऐवजी हीट श्रिंक वापरा. हँडलजवळ वायर थोडी सैल सोडा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. ताणलेली वायर आज तुटणार नाही, दोन महिन्यांनी तुटेल.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट, सर्चलाइट लावायला मनाई आहे. अपवादात्मक कारण आणि नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. गाडी एमएच १९ असो की एमएच १८, घेण्याआधी आरटीओत विचारा. दिवा पसरट उजेडाचा घ्या, खाली बसवा, झोत खाली झुकवा. समोरच्याचे डोळे दिपले तर त्याची गाडी आपल्याच अंगावर येते.

सगळं झालं की थोडा रेस देऊन, सगळे दिवे लावून बॅटरीवर मल्टिमीटर धरा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाखवत असेल तर ठीक. साडेबाराच्या खाली घसरत असेल तर दिवे कमी वॅटचे घ्या. मग रात्री पाळधीपर्यंत जाऊन परत या, सीट काढा आणि फ्यूजजवळच्या वायरला हात लावून बघा. गरम लागली तर वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. दिवे बंद ठेवा आणि तो जोड पुन्हा करा.