एका तालुक्याची आर्थिक घडी

एखाद्या भागाची आर्थिक उन्नती झाली असे आपण केव्हा म्हणतो? तेथे मोठे धरण झाले, कारखान्याची चिमणी उभी राहिली, डांबरी रस्ता आला, की उन्नती झाली असे समजण्याचा आपला प्रघात आहे. या गोष्टी आवश्यक आहेत, यात शंका नाही. तथापि त्या सर्व येऊनही एखादा तालुका दरिद्री राहू शकतो. कारण संपत्ती तालुक्यात किती आली यापेक्षा ती तेथे किती टिकली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आज या प्रश्नाचा विचार आपण एका तालुक्याचे उदाहरण घेऊन करणार आहोत. तो तालुका म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण.

प्रथम, तालुकाच का? गाव हे अशा कामास फार लहान पडते. एका गावाच्या मोसंबीने मालमोटार भरेल, परंतु फळांची प्रतवारी करणारे यंत्र वर्षभर चालणार नाही. उलटपक्षी जिल्हा इतका विस्तीर्ण असतो की त्यातील शेतकऱ्यास जिल्ह्याच्या सभेला जाऊन परत घरी येण्यातच दिवस घालवावा लागतो. तालुका मात्र असा आहे की त्याच्या कोणत्याही टोकाचा मनुष्य सकाळी निघून, सभेस बसून, दिवेलागणीला घरी परतू शकतो. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, तेव्हा पंचायत समितीची घडण तालुक्यापुरती करण्यात आली, ती याच सोयीने.

पैठणचा इतिहास आपणांस परिचित आहे. सातवाहनांच्या काळी ही नगरी प्रतिष्ठान नावाने प्रसिद्ध होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात तिचा उल्लेख येतो. तेथून मौल्यवान दगड गाड्यांत भरून वीस दिवसांच्या वाटेने भडोच बंदरास जात असत, असे तो लेखक सांगतो. म्हणजे दूरच्या पेठेशी व्यवहार करणे ही या भूमीस नवी गोष्ट नव्हे. आजची चिंता निराळी आहे. तालुक्यातून माल बाहेर जातो, आणि त्याबरोबर मालाची खरी किंमतही बाहेर जाते.

यासाठी एक साधा हिशोब करून पाहू. समजा, तालुक्यात बाहेरून शंभर रुपये आले. त्यांतील ऐंशी रुपये लगेच बियाणे, खत, औषध, कापड, व्याज या रूपाने बाहेर गेले आणि वीस रुपये गावच्या सुताराकडे, शिंप्याकडे, वाण्याकडे फिरले. त्या विसांतीलही सोळा बाहेर गेले व चार उरले. असे मोजीत गेल्यास शंभर रुपयांनी तालुक्यात एकंदर सव्वाशे रुपयांचा व्यवहार घडविला. आता असे समजा की दर फेरीस निम्मी रक्कम आतच राहिली. मग त्याच शंभर रुपयांनी दोनशे रुपयांचा व्यवहार होईल. बाहेरून एक पैसाही अधिक आलेला नाही. केवळ गळती कमी झाली. स्थानिक अर्थव्यवस्था बांधणे म्हणजे मुख्यत्वे ही गळती शोधून ती बुजविणे होय.

पैठणची पहिली गळती पाण्याची. जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 साली लालबहादूर शास्त्री यांनी बसविली आणि 1976 साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. नाथसागराचा विस्तार सुमारे 350 चौरस किलोमीटर. त्यासाठी शंभरावर गावांना झळ सोसावी लागली. डावा कालवा 208 किलोमीटर धावून जालना, परभणीकडे जातो. उजवा 132 किलोमीटरांचा, तो बीडकडे वळतो. हे योग्यच आहे. नदीवर एका तालुक्याची मालकी नसते. परंतु कालव्याचे पाणी उतारानेच वाहते, ते चढत नाही. त्यामुळे कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांना, धरण दृष्टीच्या टप्प्यात असूनही, पावसावरच विसंबावे लागते, आणि अवर्षणाच्या वर्षी त्यांच्या वेशीत पाण्याचे टँकर येतात. ब्रह्मगव्हाणसारखी उपसा सिंचन योजना याच उणिवेसाठी आखण्यात आली. मात्र उपसलेले पाणी महाग असते. विजेचे देयक कोणी भरावयाचे हे लाभधारकांनी आधी ठरविले नाही, तर अशी योजना नुसत्या यंत्रांवर चालत नाही.

दुसरी गळती मोसंबीची. पाचोड व त्याच्या आसपासचा टापू मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे. बागाईतदार आठ-नऊ महिने बहराची राखण करतो, टँकरने पाणी विकत घेऊन झाडे जगवितो. 2012–13च्या दुष्काळात तर कित्येकांना वाळलेल्या बागा तोडाव्या लागल्या. इतके कष्ट करून तो पुष्कळदा संपूर्ण बाग व्यापाऱ्यास उक्ती देतो. त्याला रोख रकमेची निकड असते आणि तोडणी, वाहतूक व परपेठेतील भाव यांचा धोका त्यास एकट्याने पेलत नाही. व्यापारी धोका पत्करतो, म्हणून त्याचा नफा अन्याय्य असतो असे नव्हे. परंतु प्रतवारी, साठवण, रस काढणे ही जी कामे फळाची किंमत वाढवितात, ती सर्व तालुक्याबाहेर होतात आणि त्यांची मजुरीही तेथेच पडते. मोसंबीसाठी पैठण तालुक्यात सिट्रस इस्टेट उभारण्यास राज्य शासनाने मंजुरी दिली, तिचा हेतू निरोगी कलमांपासून विक्रीपर्यंतची साखळी एकत्र आणण्याचा आहे. इमारत शासन बांधील, परंतु तिच्या दारात वेळेवर माल आणणे हे शासनाचे काम नव्हे.

तिसरी गळती नावाची. पैठणीस 2010 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. परंतु पैठणीचे नाव पैठणचे असले, तरी तिची मोठी पेठ आज नाशिक जिल्ह्यातील येवले ही आहे. येवल्याने हा उद्योग जगविला, हे त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पैठणात माग आहेत, हात आहेत. रेशीम कर्नाटकातून येते, जर सुरतेहून. पदरावरचे मोर व मुनिया विणण्यास कारागिरास महिने लागतात, आणि तेवढे दिवस घर चालविण्याइतके भांडवल त्याच्याजवळ नसते. ज्याच्याजवळ भांडवल असते तो साडीचा धनी होतो. एवढी जुनी कला भांडवलाअभावी मजुरीवर येऊन ठेपावी, ही खेदाची गोष्ट आहे.

मग उपाय कोणता? शेजारच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात याचे दोन धडे आहेत. पहिला प्रवरेचा. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून लहान शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून पाठीशी उभा राहिला. 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की भांडवल प्रथम आतून निघाले, साह्य नंतर बाहेरून आले. दुसरा धडा हिवरे बाजारचा. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून त्या गावाने पाणलोटाची कामे केली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पाडली. पाणी किती आहे हे ग्रामसभेत वाचले जाते, मग पिके ठरतात. शेतीसाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही, हा नियम गावाने स्वतः केला व स्वतः पाळला.

हे दोन धडे एकत्र केले म्हणजे तालुक्याच्या कार्याचा क्रम आपोआप स्पष्ट होतो. प्रथम जंत्री करावी. तालुक्यात काय पिकते, काय घडते, काय बाहेरून येते, कोणत्या कामासाठी तरुण बाहेर जातो, याची गावोगावची नोंद हवी. आपण वर्षाला किती रुपयांचे पशुखाद्य वा बियाणे बाहेरून आणतो हे ठाऊक नसेल, तर त्यातील कोणते येथे तयार करता येईल हे कसे कळणार? नंतर एकच वस्तू निवडून तिच्या उत्पादकांची संस्था करावी. 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. दहा उत्पादक एकत्र आले तरी ती उभी राहते, आणि भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदास मत एकच. मोसंबीची अशी कंपनी प्रतवारी करू शकेल. विणकरांची रेशीम व जर एकत्र खरेदी करून साडी विकेपर्यंत घरखर्चास उचल देऊ शकेल. दहा उद्योग एकदम आरंभून दहाही अर्धवट सोडण्यापेक्षा एक तडीस नेणे हिताचे.

त्यानंतर मनुष्यबळ. याच तालुक्यातील बिडकीन येथे नवी औद्योगिक नगरी उभी राहत आहे. शेंद्रा व बिडकीन मिळून तिचे क्षेत्र सुमारे 10,000 एकर आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांस मोबदला मिळाला. तो दिवसांचा प्रश्न झाला. वर्षांचा प्रश्न असा की त्यांचे मुलगे व मुली त्या कारखान्यांत यंत्रावर बसणार, की फाटकावर पहारा करणार? कारखान्यास कोणते कसब लागणार हे आधी विचारून ते शिकविण्याची तजवीज तालुक्याने आजच केली पाहिजे. तसेच भोजन, गणवेश, वाहतूक, दुरुस्ती ही कामे स्थानिक बचतगटांना व लहान कारखानदारांना मिळावीत, यासाठी बोलणीही आजच व्हावयास हवीत. कारखाना उभा राहून त्याचे ठेके दिले गेल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग नसतो.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व ऐकावयास गोड आहे. परंतु सहकारी संस्था बुडालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. हा आक्षेप खरा आहे व तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. कित्येक संस्था मोडल्या, आणि त्यांत गरिबांचे भागभांडवल गेले. परंतु त्यांतील पुष्कळांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट वारंवार आढळते. हिशोब सभासदांस समजेल अशा भाषेत त्यांच्यासमोर वाचला जात नव्हता. वार्षिक सभा चहापाण्यात उरकत होती. म्हणून संस्थेची घटना कितीही उत्तम असो, दर महिन्यास ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी जमाखर्च मोठ्याने वाचला जाईल आणि कोणाही सभासदास प्रश्न विचारता येईल, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. त्या सभेत स्त्रियांची संख्या नाममात्र नसावी. घरचा पैसा कोठे गळतो हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते.

पैठणच्याच संतश्रेष्ठांची एक कथा परंपरेने सांगितली जाते. एकनाथ महाराज तरुणपणी देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामी यांच्याकडे हिशोबाचे काम पाहत असत. एके दिवशी एका पैची चूक निघाली. सारी रात्र दिव्याशी बसून त्यांनी ती शोधली, आणि सापडताच आनंदाने टाळी वाजविली. हीच एकाग्रता परमार्थात लावावी, असा बोध गुरूंनी तेव्हा केला, असे कथा सांगते. परमार्थाचा अधिकार थोरांचा. आपणां संसारी माणसांनी त्या कथेचा आधीचा भाग तरी उचलावा. आपल्या तालुक्याची पै कोठे जाते, हे शोधण्यासाठी गावागावांतून महिन्याकाठी एक रात्र दिव्याशी बसणारी चार माणसे मिळाली, तर आर्थिक उन्नतीचा आरंभ झाला असे मानावयास हरकत नाही.