गणितातली ज्योत आणि टॉर्चची ज्योत

सांगलीत थर्मोडायनॅमिक्स शिकवताना मी पोरांना कुपवाड एमआयडीसीत रोज दिसणाऱ्या गॅस वेल्डिंगच्या ज्योतीचं गणित घालतो. एक मोल ॲसिटिलीन शुद्ध ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळलं, की सुमारे 1255 किलोज्यूल उष्णता सुटते. दोन मोल कार्बन डायऑक्साइड आणि एक मोल वाफ उरते. पुस्तकाच्या मागच्या तक्त्यानुसार, खोलीच्या तापमानाला हे मिश्रण एक अंशाने तापवायला साधारण 108 ज्यूल लागतात. भागाकार केला, की ज्योत साडेअकरा हजार अंशांची! ‘सर, सूर्याचा पृष्ठभागच साडेपाच हजारांचा आहे की,’ असं कुणीतरी म्हणतंच. खरी ज्योत सुमारे 3100 अंशांवरच थांबते.

मग उष्णता जाते कुठे? बरीचशी वायूच्या आतच मुरते. रेणूंच्या धावपळीचा जोर म्हणजे तापमान. कोमट वायूतले रेणू धावतात आणि गिरक्या घेतात. तापले की त्यांच्यातले बंधही जोरात थरथरू लागतात. मिळकत तीच आणि खाणारी तोंडं वाढली, असा हा प्रकार. म्हणून 3000 केल्व्हिनला कार्बन डायऑक्साइडच्या एका मोलला अंशामागे 37 ऐवजी 62 ज्यूल लागतात. एवढी दुरुस्ती केली तरी उत्तर 7000 च्या घरातच येतं.

कारण आपण रेणू शाबूत धरलेत. इतक्या आचेत कार्बन डायऑक्साइडमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, पाण्याच्या रेणूची हायड्रोजन, ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिलमध्ये फाटाफूट होते. बंध तोडायला उष्णता खर्ची पडते आणि तापमान तिथेच अडतं. म्हणून हा हिशेब संगणकावर करताना त्याला आधी संभाव्य घटकांची यादी द्यावी लागते. अणूंची बेरीज कायम ठेवून, गिब्ज ऊर्जा सर्वांत कमी होईल असं, म्हणजे समतोलातलं, मिश्रण तो शोधतो. प्रत्येक घटकाचे गुणधर्म नासाच्या प्रचलित बहुपदींतून, म्हणजे तापमान घालून उत्तर देणाऱ्या सूत्रांतून, येतात: 1000 केल्व्हिनच्या अलीकडे सात स्थिरांक, पलीकडे दुसरे सात.

आणखी तापवलं तर अणूंचे इलेक्ट्रॉनही सुटतात, म्हणजे अणू आयनीभूत होतात. याचा पुरावा सूर्याच्या वातावरणात दिसतो, आणि ते वातावरण नीट दिसतं ग्रहणात. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर, तर पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नेगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला निरीक्षणाला बसले होते. प्रखर उष्णतेत मूलद्रव्यांचीही फाटाफूट होते, असं लॉकियर आधीपासून म्हणत. पण सूर्याच्या वातावरणात उंचावर, जिथे आच वाढायचं उघड कारण नव्हतं, तिथे आयनीभूत कॅल्शियम का दिसतो, याचा हिशेब 1920 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी मांडला. त्यांनी रासायनिक विघटनाचाच नियम अणूला लावला: दाब कमी, तर सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा अणूला गाठण्याची शक्यता कमी. वेल्डिंगच्या टॉर्चमधल्या विघटनालाही हाच नियम. दाब वाढवला की ते कमी होतं.

म्हणून सॉफ्टवेअरमधून आलेला आकडा वहीत उतरवण्याआधी मी पोरांना तीन गोष्टी विचारतो: दाब किती धरलास, यादीत कोणते घटक घेतलेस आणि बहुपदी कुठल्या तापमानापर्यंत लागू आहे? मर्यादेबाहेरही बहुपदी उत्तर देतेच, तेही चार दशांश स्थळांपर्यंत. तिथे वायूचं काय होतं, हे मात्र तिला कुणी शिकवलेलं नसतं.