मोटारीची देखभाल : किलोमीटरइतकाच कालावधीही महत्त्वाचा

मोटारीचे सर्व्हिसिंग केव्हा करावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मालक मीटरवरील किलोमीटरच्या आकड्यात शोधतात. गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत मात्र अनेक कामांपुढे दोन आकडे दिलेले असतात. एक किलोमीटरचा आणि दुसरा महिन्यांचा. 'यांपैकी जे आधी होईल ते' अशी सूचनाही त्यासोबत असते. ही सूचना दुर्लक्षित राहिली, तर आठवड्यातून एकदाच बाहेर निघणारी गाडी रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा अधिक धोक्याची ठरू शकते.

याचे कारण गाडीतील तेले आणि द्रव पदार्थ यांच्या गुणधर्मांत आहे. काही द्रव वापरामुळे झिजतात, काही केवळ काळ लोटल्यामुळे निकामी होतात आणि काहींवर दोन्हींचा परिणाम होतो.

इंजिन ऑईल

इंजिनातील फिरत्या भागांना वंगण पुरवणे, उष्णता वाहून नेणे आणि काजळी व आम्लांना आवर घालणे ही कामे इंजिन ऑईल करते. त्यात मिसळलेली रसायने हळूहळू खर्ची पडतात. शिवाय उष्णतेमुळे आणि हवेशी संयोग होऊन तेल जुने होते.

दर ५,००० किलोमीटरला ऑईल बदलण्याची सवय भारतात अनेक वर्षे रूढ होती. त्या काळातील खनिज तेलांच्या दृष्टीने आणि इंधनातील गंधकाच्या प्रमाणामुळे ती योग्यही होती. गंधक जळाल्यावर आम्ले तयार होतात आणि ती ऑईलमधील संरक्षक रसायने संपवतात. एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज चार मानकानुसार इंधनात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० पर्यंत मर्यादित होते. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहा मानकात ही मर्यादा १० वर आली. तेलांचा दर्जाही सुधारला. त्यामुळे आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींसाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असा कालावधी सांगितला जातो. काही उत्पादक १५,००० किलोमीटरपर्यंत मुभा देतात. ऑईलसोबत ऑईल फिल्टर बदलणे हितावह असते. जुन्या गाडीसाठी मात्र तिच्या स्वतःच्या पुस्तिकेतील आकडाच पाळावा.

खडतर वापर म्हणजे काय?

अनेक पुस्तिकांमध्ये खडतर वापरासाठी वेगळे, कमी अंतराचे वेळापत्रक असते. ते टॅक्सी किंवा डोंगराळ भागातील गाड्यांसाठीच आहे, असा समज आढळतो. प्रत्यक्षात रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, वाहतूक कोंडीत चालू इंजिनाने थांबून राहणे, धुळीचे रस्ते आणि तीव्र उन्हाळा या सर्व गोष्टी खडतर वापरात मोडतात. मुंबई, पुणे, दिल्ली किंवा बंगळुरू येथील अनेक गाड्या या व्याख्येत बसतात.

छोट्या फेरीत इंजिन पुरेसे तापत नाही. ज्वलनातून निर्माण झालेले पाणी आणि न जळलेले इंधन ऑईलमध्ये मिसळते, पण त्याची वाफ होऊन जाण्याइतकी उष्णता मिळत नाही. कोंडीत थांबलेल्या गाडीचे इंजिन चालूच असते, मीटर मात्र पुढे सरकत नाही. अशा गाडीला वर्षाला किमान एकदा ऑईल बदलणे आवश्यकच असते. पुस्तिकेत त्याहून लवकरची मुदत असल्यास ती पाळावी.

ऑईलची पातळी महिन्यातून एकदा तपासावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान असावे. ऑईल काळे झाले म्हणजे ते खराब झाले असे नाही; डिझेल इंजिनात ते लवकरच काळे पडते. दुधासारखा रंग मात्र पाणी मिसळल्याचे लक्षण असू शकते.

ब्रेक ऑईल

सर्वाधिक दुर्लक्षित आणि जिवाशी थेट संबंध असलेला द्रव म्हणजे ब्रेक ऑईल. ब्रेकच्या पेडलवर दिलेला दाब तो चाकांपर्यंत पोहोचवतो. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणूनच हे शक्य होते.

नेहमीच्या वापरातील ब्रेक ऑईल हवेतील आर्द्रता शोषून घेते. गाडी उभी असली तरी ही क्रिया चालू राहते. डॉट चार प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. डॉट तीन प्रतीसाठी हेच आकडे २०५ आणि १४० अंश आहेत.

शहरातील संथ वाहतुकीत हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो लांबलचक घाट उतरताना. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात, ती उष्णता ऑईलपर्यंत पोहोचते आणि त्यातील पाण्याची वाफ होते. वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. आदल्या दिवसापर्यंत ब्रेक उत्तम लागत असले, तरी हे घडू शकते.

म्हणून ब्रेक ऑईल साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस अनेक उत्पादक करतात. कोकण किनाऱ्यासारख्या दमट प्रदेशात ही मुदत लांबवू नये. टाकीतील पातळी खाली गेली असल्यास केवळ भर घालून थांबू नये, कारण ब्रेक पॅड झिजल्याचे किंवा गळती असल्याचे ते चिन्ह असू शकते. घाट उतरताना खालच्या गिअरचा वापर केल्यास ब्रेकवरील भार कमी होतो.

कूलंट

कूलंट इंजिनाचे तापमान आटोक्यात ठेवतो, तसेच आतील धातूला गंजण्यापासून वाचवतो. गंजरोधक रसायने काळानुसार क्षीण होतात. जुन्या प्रकारचे कूलंट दोन ते तीन वर्षांनी बदलावे लागतात. दीर्घायुषी प्रकार पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक टिकू शकतात. विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी भरत राहिल्यास क्षारांचे थर साचून रेडिएटर तुंबतो. तयार मिश्रण नसल्यास शुद्ध केलेले, क्षारविरहित पाणीच वापरावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्याने उसळून गंभीर भाजू शकते. बहुतेक कूलंटमधील इथिलिन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. त्यामुळे ते मुले व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावे.

इतर भाग

गिअर ऑईल बदलण्याचे अंतर गाडीनुसार खूप बदलते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. रबरी टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात बेल्ट ठरलेल्या मुदतीत बदलावा. तो चालत्या गाडीत तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून मोठे नुकसान होते.

एअर फिल्टर प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासावा. धुळीच्या भागात तो लवकर बदलावा लागतो. टायरमधील हवा पंधरवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास टायर बदलणे आवश्यक आहे. वायपरची रबरे पावसाळ्यापूर्वी पाहून घ्यावीत. सीएनजी गाडीच्या सिलिंडरची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींना इंजिन ऑईल लागत नाही. मात्र ब्रेक ऑईल, टायर आणि बहुतेक गाड्यांतील कूलंट यांची देखभाल त्यांनाही चुकलेली नाही.

नोंद ठेवण्याचे महत्त्व

कोणता द्रव कोणत्या तारखेला आणि किती किलोमीटरवर बदलला, याची नोंद ठेवल्यास पुढील मुदत सहज कळते. जुनी मोटार विकत घेताना अशी नोंद उपलब्ध नसेल, तर इंजिन ऑईल, ब्रेक ऑईल आणि कूलंट सुरुवातीलाच बदलून घेणे आणि टायमिंग बेल्टची स्थिती तपासणे हा सुरक्षित मार्ग आहे. काढलेले जुने ऑईल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते.

देखभालीचा खर्च वाचवताना सर्व कामांना सारखाच न्याय लावता येत नाही. इंजिन ऑईलची मुदत काही दिवसांनी पुढे गेल्यास सहसा मोठी हानी होत नाही. ब्रेक ऑईल वर्षानुवर्षे तसेच राहिल्यास मात्र त्याची किंमत गाडीतील आणि रस्त्यावरील माणसांना मोजावी लागते. मीटरवर किलोमीटर थोडे असले, तरी ब्रेक ऑईल शेवटचे कोणत्या वर्षी बदलले हे लांबच्या प्रवासापूर्वी प्रत्येक मालकाने तपासून घेणे आवश्यक आहे.