कळसूबाईच्याही वर, औषधांसह

अकोले तालुक्यातलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. विमानात बसलेल्या माणसाचं शरीर मात्र काही तास त्याहूनही वर असतं. केबिनमध्ये हवा दाबून भरतात, पण तो दाब जमिनीवरच्याइतका नसतो. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर जेवढा असेल तेवढाच. नगर शहर आहे साडेसहाशे मीटरवर. म्हणजे नगरच्या सावेडीतल्या घरात ज्यांना बरं वाटतं, त्या आजोबांची फुप्फुसं विमानात कळसूबाईच्या माथ्यापेक्षा विरळ हवेत काम करतात. धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार किंवा हृदयाची कमजोरी असलेल्याला जाणवतं.

काकडी गावच्या माळावर १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डी विमानतळ सुरू झाला. तरी लेकीकडे दुबईला, मुलाकडे अमेरिकेला जायचं तर मुंबई किंवा पुणे गाठावंच लागतं. यांतले बरेच प्रवासी साठी-सत्तरीचे असतात आणि त्यांच्यासोबत गोळ्यांचा डबा, इन्सुलिनचं पेन, झोपेतल्या श्वासासाठीचं सीपॅप मशीन असं काहीतरी असतंच. ‘आजारी माणसानं एवढा लांबचा प्रवास करू नये’ असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बहुतेकांना प्रवास जमतो; तयारी मात्र विमानतळावर नव्हे, पंधरा दिवस आधी आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सुरू व्हायला हवी.

ऑक्सिजनचंच बघा. घरी सिलिंडर लावणाऱ्यांना वाटतं, तोच सोबत न्यावा. बहुतेक विमान कंपन्या घरचा सिलिंडर घेऊ देत नाहीत. चालतं ते हवेतून ऑक्सिजन गोळा करणारं, बॅटरीवरचं छोटं कॉन्सन्ट्रेटर, तेही कंपनीची आधी परवानगी घेऊन. त्यासाठी डॉक्टरांनी भरून द्यायचा वैद्यकीय फॉर्म असतो. कंपन्या सहसा उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरेल एवढी बॅटरी मागतात, कारण सीटजवळच्या सॉकेटवर मशीन चालेलच याची खात्री नसते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर बसल्या जागी ९२ च्या खाली आकडा येत असेल, तर तिकीट काढण्याआधी छातीच्या डॉक्टरांना भेटलंच पाहिजे.

विरळ हवेचा आणखी एक परिणाम फारसा कुणी सांगत नाही. दाब कमी झाला की कोंडलेली हवा फुगते; समुद्रसपाटीवरची हवा विमानात साधारण एक तृतीयांशाने जास्त जागा घेऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर पोटाला मलासाठी स्टोमाची पिशवी लावलेली असेल, तर ती आधी रिकामी करून घ्यावी. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसायचंच नाही. फुगलेल्या बुडबुड्यानं दृष्टी जाऊ शकते.

इन्सुलिनची अडचण वेगळी आहे. ते गोठलं की वाया जातं आणि पुन्हा वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी वापरायचं नाही. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या भागात गारठ्याचा धोका असतो, शिवाय बॅग हरवण्याची भीती आहेच. म्हणून इन्सुलिन कायम हातातल्या बॅगेत. उलट नगरहून मुंबईला जाताना एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत ते अक्षरशः शिजतं. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात. आपल्या कोरड्या हवेत त्या छान काम करतात, कारण पाणी भरभर उडतं आणि पिशवी गार राहते. मुंबईच्या दमट हवेत किंवा जहाजावर तेवढा भरवसा ठेवू नये. बर्फाची थैली वापरलीत, तर पेन टॉवेलमध्ये गुंडाळा, बर्फाला थेट टेकवू नका.

मशीनच्या लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत कधीच नाहीत. त्या पेटल्या तर केबिनमध्ये विझवता येतात, खाली कुणाचा हात पोहोचत नाही. मर्यादा वॅट-तासांत मोजतात: १०० पर्यंत सहसा अडचण नाही, १०० ते १६० ला कंपनीची संमती लागते. आकडा छापलेला नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. जुनं पाऱ्याचं बीपी मशीन घरीच ठेवा. पारा ॲल्युमिनियम खातो आणि विमानाचा सांगाडा बराचसा त्याच धातूचा असतो.

आता कागद. माझ्या मते सगळ्यात जास्त हेळसांड इथेच होते. मेडिकलवाले पाच गोळ्या मागितल्या तर पट्टी कापून देतात आणि औषधाचं नाव, मुदत दुसऱ्याच तुकड्यावर राहते. चिठ्ठीवर पेशंटचं नाव ‘काकू’ किंवा नुसतं आडनाव. पासपोर्टवरचं पूर्ण नाव, औषधाचं मूळ शास्त्रीय नाव, डोस आणि आजार, एवढं डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत हवं. मूळ नावानं, वाचता येईल अशा अक्षरात औषध लिहावं, असा नियम आपल्या वैद्यक परिषदेनं २०१६ मध्येच केला आहे, त्यामुळे हे मागायला संकोच कशाला? भारतातला ब्रँड परदेशात कुणाला कळत नाही.

इथे साधी वाटणारी गोळी दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकते. वेदनेसाठीचं ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. तिथे खसखससुद्धा बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, म्हणून लेकीसाठी खसखस लावलेले अनारसे नेणाऱ्या आईनंही हे ध्यानात घ्यावं. जपानला सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर चालत नाही. आणि शेजाऱ्यांच्या मुलासाठी कुणी औषधाचं पार्सल दिलं, तर ते नाकारा. दुसऱ्याच्या नावाचं औषध सोबत असलं की आपला कुठलाच कागद उपयोगी पडत नाही.

जहाजाचं गणित उलटं. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागलं आणि समुद्रसफर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. जहाजावर हवेचा दाब नेहमीचाच, पण रुग्णालय लांब. मोठ्या जहाजात डॉक्टर, नर्स आणि छोटा दवाखाना असतो. तिथलं बिल मात्र वेगळं भरावं लागतं, म्हणून विमा घेताना समुद्रप्रवास त्यात धरला आहे का ते विचारा. तुमच्यासाठी तिथे ऑक्सिजनचा साठा मिळेल असं धरू नका. खोलीत सॉकेट मोजकेच असतात आणि घरून नेलेली एक्स्टेन्शन वायर आगीच्या भीतीनं तपासणीत काढून घेऊ शकतात. सीपॅप असेल तर बुकिंग करतानाच सांगा, डिस्टिल्ड वॉटरचीही विचारणा करा. लक्षद्वीपमधल्या अगत्तीसारख्या ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीत उतरावं लागतं. व्हीलचेअर किंवा ऑक्सिजनवर असलेल्यांनी तो टप्पा आपल्याला झेपेल का, हे आधीच ठरवावं.

जहाजावर चढताना मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या खोलीत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात. दुपारचा डोस त्या बॅगेत गेला तर कुणीच काही करू शकत नाही. खराब हवामानात एखादं बंदर गाळलं जातं, परतीला उशीर होतो. म्हणून औषधं आठवडाभर जास्तीची घ्या आणि सोबत कुणी असेल तर त्यांतली थोडी, चिठ्ठीच्या प्रतीसह, त्यांच्या हातातल्या पिशवीत ठेवा.