माळवदाची माती

पहाटे ५.३०
मे महिन्याचा शेवटचा आठवडा. गेवराईत आठ वाजताच ऊन डोक्यावर येतं, म्हणून कामाला सुरुवात उजाडताच. जुन्या गावातल्या बोळात हा वाडा आहे. विकायला काढलाय. राहतात एकट्या काकू, पंचाहत्तरीच्या. बाकीचे वारस पुण्याला आणि संभाजीनगरला. व्यवहार कधी होईल सांगता येत नाही. पाऊस मात्र येणार. मागच्या पावसाळ्यात माजघराचं माळवद गळलं. मृगाच्या आत ते दुरुस्त झालं नाही तर विकायला वाडा उरायचा नाही.

मिस्त्री मोटारसायकलवर येतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात थापी, ओळंबा, सुताचा गुंडा. मागोमाग सुतार, दोन गडी आणि दोन बाया. त्यातलं एक जोडपं मार्चमध्ये ऊसतोडीवरून परतलेलं. ऑक्टोबरात पुन्हा कोयता. मधल्या महिन्यांत मिळेल ते काम.

सकाळी ६.००
शिडीवरून सगळे वर. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर एकमेकींना चिकटून लाकडाच्या पट्ट्या, म्हणजे किलच्या. त्यावर पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती खारवट आणि चिवट. नीट चोपली की पाणी आत शिरू देत नाही. उन्हाळ्यात खालची खोली गार राहते ती हिच्याचमुळे.

मधोमध साणं आहे, हातभर रुंद. त्यातून माजघरात उजेड पडतो. त्याच्या कडेला वाळलेलं गवत आणि घुशीनं पाडलेलं बीळ. गळती इथूनच.

"कुदळ नका घालू," मिस्त्री म्हणतात. "खोऱ्यानं खरवडा. किलची तुटली तर पाय खाली जाईल."

सकाळी ७.३०
काम दहा बाय दहा फुटांच्या चौकोनाचं. मिस्त्रींनी काल पहार खुपसून जाडी बघितली. दीड फूट. मुळात सहा इंच असेल. दर उन्हाळ्यात कुणीतरी वरून नवी माती टाकली, जुनी कुणी काढली नाही. दीड फूट म्हणजे दीडशे घनफूट माती. घनफुटाला ४५ किलो धरले तरी पावणेसात टन. एवढं ओझं त्या तुळया बिनतक्रार पेलत उभ्या आहेत.

घमेल्यात पंधरा किलो भरतात. म्हणजे साडेचारशे घमेली. निम्मी काल उतरवली, निम्मी आज. गडी भरतो, बाई उचलते, दुसरी कडेला घेते आणि पत्र्याच्या घसरगुंडीवरून चौकात सोडते. खाली दुसरा गडी चाळणीतून माती गाळतो. मुळं, खडे, घुशीची घाण बाजूला. चांगली माती पुन्हा वर जाणार. उरलेली एक शेतकरी ट्रॉली आणून नेणार आहे. गावठाणातली पांढरी माती रानात खत म्हणून चालते. तिचे पैसे कुणी देत नाही, कुणी मागतही नाही.

सकाळी ९.००
न्याहारी ढेलजेत. भाकरी, ठेचा, कांदा. काकू चहा करून आणतात. मोठ्या दरवाज्याचा अडसर अजून भिंतीतल्या खोबणीतून सरकतो. दिवसा उघडी असते ती फक्त दिंडी. वाकूनच आत यावं लागतं.

बोलणं किल्लारीवर येतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. मिस्त्री तेव्हा बारा वर्षांचे, चुलत्याच्या हाताखाली घमेलं उचलत होते. त्या भूकंपानंतर मराठवाड्यात माळवदाची धास्ती बसली. ज्यांना जमलं त्यांनी माती उतरवून पत्रे घातले.

"माळवदाला बोल लावतात लोक," मिस्त्री म्हणतात. "भिंत बघा आधी." ते उठून पडका कोपरा दाखवतात. भिंत अडीच फुटांची. बाहेरून काळ्या दगडाचा एक पदर, आतून दुसरा, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड फार कमी ठिकाणी. हादरा बसला की दोन पदर दोन दिशांना सुटतात. किल्लारीकडे कितीतरी घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती माणसांवर कोसळल्या. वर मातीचं ओझं जास्त असेल तर सांगाड्यालाही हिसका मोठा बसतो. "म्हून मी आधी माती काढतो. नुसती वरून टाकून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मी घेत नाही."

सकाळी १०.१५
दलाल गिऱ्हाईक घेऊन येतो. गिऱ्हाईक दिंडीतून आत येतं, चौकात उभं राहतं, वर बघत नाही. बोळ किती फुटांचा, ट्रक येतो का, एवढं विचारतं. मग भिंतीकडेनं पावलं टाकून जागा मोजतं. दलाल कागदांचं सांगतो. नगरपरिषदेचा उतारा तयार आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने कागद उर्दूत. ते वाचून घ्यायला माणूस बघितलाय. सगळ्या वारसांच्या सह्या लागतील, बहिणींच्याही.

गिऱ्हाइकाबरोबर जुन्या लाकडाचा व्यापारी आहे. तो मात्र वरच बघतो. खांबाला नखानं खरवडतो, वास घेतो. सागवान. घनफुटाला १६०० देईन म्हणतो. तुळई दहा फूट लांब, आठ इंच रुंद, आठ इंच जाड. साडेचार घनफुटांना जरा कमी. म्हणजे एका तुळईचे सात हजार शंभरच्या आसपास. जमिनीचा भाव वेगळा, लाकडाचा वेगळा. घराचा भाव कुणी काढत नाही.

वर खोरं चालूच असतं. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर माती पडते. ते झटकून निघून जातं.

सकाळी ११.३०
किलच्या उघड्या पडल्या. आता काम सुताराचं. तो हातोडीनं तुळई ठोकत ठोकत जातो. मध्ये टणटण वाजते. भिंतीजवळ बद्द. तिथं पटाशी लावतो. पटाशी दोन बोटं आत जाते आणि भुसा बाहेर येतो. भिंतीतून ओल आली, ओलीमागून वाळवी आली.

"तोंड गेलंय, अंग चांगलंय," सुतार म्हणतो.

तुळई बदलायची नाही. कुजकी टोकं तासून काढायची आणि खाली जादा खांब द्यायचा. परसातल्या पडक्या खोलीतला एक खांब काकूंनी ठेवलेला आहे. तो जमिनीत पुरत नाहीत. दगडी तळखड्यावर उभा करतात, म्हणजे बुडाला ओल लागत नाही. वर आडवा हस्त, हस्तावर तुळई. चौघं मिळून पहारीनं तुळई बोटभर उचलतात. सुतार ओळंबा सोडतो, खांब सरकवतो, पुन्हा ओळंबा बघतो. लोखंडी खिळा एकही नाही. बाभळीची मेख ठोकली की झालं.

कुजलेल्या किलच्या चाळीस निघाल्या. जुन्या लाकडाच्या दुकानातून पट्ट्या आणल्या, १२०० रुपये. गॅरेजमधून जळकं ऑइल पाच लिटर, २५० रुपये. वाळवी लागू नये म्हणून चिंधीनं ते लाकडाला चोळतात.

दुपारी १.००
काम बंद. छपरावर पाय ठेववत नाही. गडी ओसरीवर आडवे होतात. बाया परसातल्या लिंबाखाली बसतात, पण बसून राहत नाहीत. विळ्यानं डहाळ्या तोडून पाला ओरबाडतात. दोन पोती पाला लागेल. पाण्याचा छोटा टँकर येतो, ६०० रुपये. चौकात मातीचं आळं करून चिखल भिजत घालतात.

शेजारच्या घरावर पत्रे आहेत. तिथली माणसं या वेळेला काकूंच्या ओसरीवर येऊन बसतात.

दुपारी ४.००
नव्या पट्ट्या बसतात. फट राहिली की मिस्त्री सुताराला परत बोलावतात. "माती फटीतून रोज थोडी सांडते. काकूंच्या ताटात पडंल."

मग लिंबाचा पाला, चार बोटं जाड. कडू असतो, किडामुंगी धरत नाही. त्यावर चिखलाचा दोन इंचांचा थर. मिस्त्री गुडघ्यावर बसून थापीनं तो ओढत मागे मागे सरकतात. हात एकाच लयीत फिरतो. कडेला भिंतीशी चिखल जरा वर चढवून गोलाई देतात. गळती कोपऱ्यात होते, म्हणून कोपऱ्याला सगळ्यात जास्त वेळ.

आता चाळलेली माती उलटी वर. शिडीवर दोन माणसं, वर दोन. चार इंचांचा थर. सकाळी जेवढी उतरवली त्याच्या निम्मीसुद्धा नाही.

संध्याकाळी ६.१५
उतार बघायचा. सूत ताणतात. साण्यापासून पन्हाळीपर्यंत दहा फुटांत तीन इंच. मिस्त्री तांब्याभर पाणी ओततात. पाणी जरा थबकतं, डावीकडे वळतं. तिथं मूठभर माती, दोन थाप्या. दुसरा तांब्या. पाणी सरळ पन्हाळीत जातं.

उद्यापासून तीन दिवस पाणी शिंपडून चोपायचं. धुरमुस नाही, हातातलं लाकडी चोपणं. जोरात आपटलं तर खालचा चिखल फुटतो.

संध्याकाळी ७.००
हजेरी. मिस्त्री ९००, सुतार ९००, गडी सहाशेप्रमाणे दोघं, बाया चारशेप्रमाणे दोघी. एकूण ३८००. जोडप्याच्या हातात हजार येतात, त्याचे सहाशे, तिचे चारशे. राबली दोघं सारखीच. लाकूड, ऑइल, पाणी धरून दिवसाचा खर्च ५८५०. व्यापाऱ्यानं एका तुळईला सांगितलेल्या किमतीपेक्षा कमी.

काकू नोटा मोजून देतात. मग वही घेऊन मिस्त्रींसमोर बसतात. "मामा, घेणाऱ्याला काय सांगू ते सांगा. मी लिहून घेते."

मिस्त्री सांगतात, काकू लिहितात. मृगाच्या आधी दर वर्षी माळवदावर चढायचं. गवत मुळासकट उपटायचं. बीळ दिसलं की त्याच दिवशी बुजवायचं. पन्हाळ साफ ठेवायची. साण्यावर पावसात झाकण. नवी माती टाकायची तर आधी तेवढी जुनी काढायची. तुळईची भिंतीतली टोकं दोन वर्षांनी ठोकून बघायची. भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा नाही, ओल आत कोंडते.

"एवढं केलं तर अजून दोन पिढ्या काळजी नाही," मिस्त्री म्हणतात.

काकू पान फाडत नाहीत. वही उताऱ्याच्या फाइलमध्ये ठेवतात आणि दलालाला फोन लावतात. पुढचं गिऱ्हाईक आणशील तेव्हा आधी त्याला माळवदावर चढव, मग भाव बोलू, असं सांगतात.